प्राप्तिकराचे नियोजन : मार्चमध्ये नव्हे, एप्रिलमध्ये



फेब्रुवारी महिना लागला की नोकरदारांच्या घरांत एक ठरावीक दृश्य दिसते. शाळेच्या किंवा कचेरीच्या लेखनिकाकडून निरोप येतो, ‘गुंतवणुकीच्या पावत्या आठ दिवसांत द्या.’ मग कपाटातील पिशव्या उपसल्या जातात, विम्याचा हप्ता शोधला जातो, ओळखीचा विमा प्रतिनिधी घरी येऊन चहा घेतो आणि जाताना आणखी एका पॉलिसीवर सही घेऊन जातो. दोन-तीन वर्षांनी हप्ते झेपेनासे झाले की तीच पॉलिसी तोट्यात बंद केली जाते. या धावपळीला पुष्कळ घरांत ‘करनियोजन’ असे भारदस्त नाव आहे. वस्तुतः वर्ष संपत आल्यावर करावयाचे नियोजन हे नियोजनच नव्हे. ते झालेल्या गोष्टीवर घातलेले पांघरूण होय.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात हा विषय अधिकच विचार करण्याजोगा आहे. ब्रिटिश मुलखात प्राप्तिकर १८६० साली आला आणि मध्ये खंड पडत पडत स्थिरावला. निजामाच्या अमलाखालील मराठवाड्याशी त्याचा संबंध नव्हता. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा प्राप्तिकर कायदा आला तो संस्थानाच्या अगदी अखेरच्या काळात, फसली १३५७ मध्ये. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ एप्रिल १९५० पासून भारताचा १९२२ चा प्राप्तिकर कायदा येथे लागू झाला. सारावसुली येथील पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाची आहे. प्राप्तिकराची ओळख मात्र तुलनेने नवी. ‘शेतीला कर नाही’ एवढेच एक वाक्य सर्वांना पाठ असावे आणि त्याच्या पुढचे वाक्य कोणालाच ठाऊक नसावे, यात म्हणून नवल नाही.

ते पुढचे वाक्य आज समजून घ्यावयाचे आहे. त्यापूर्वी सर्वसाधारण नोकरदाराचा प्रश्न निकालात काढणे बरे.

२०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीतील दर असे आहेत. पहिल्या चार लाखांवर कर नाही. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १० टक्के, बारा ते सोळा लाखांवर १५ टक्के, पुढे दर चार लाखांना पाच टक्क्यांची वाढ आणि चोवीस लाखांवर ३० टक्के. एकूण करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर ६० हजार रुपयांपर्यंतची करसूट मिळते आणि कर शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याची मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. उत्पन्न बारा लाखांच्या थोडे वर गेले तर एकदम साठ हजारांचा कर बसेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती निराधार आहे. बारा लाखांवर जेवढी रक्कम जास्त, त्यापेक्षा अधिक कर द्यावा लागू नये अशी सवलत कायद्यातच आहे. सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंत तिचा उपयोग होतो. मात्र शेअर किंवा म्युच्युअल फंडाच्या विक्रीतील नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नावर ही करसूट चालत नाही.

जुनी प्रणाली निवडण्याची मुभा अद्याप आहे. ती लाभाची कोणाला? साडेतेरा लाख पगार असलेल्या एका शिक्षकाचे उदाहरण घेऊ. त्याने विमा व भविष्य निर्वाह निधीचे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, आरोग्यविम्याचे २५ हजार आणि निवृत्तिवेतन योजनेचे जादा ५० हजार, असे सर्व काही पुरेपूर दाखविले, प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर वजा केला, तरी जुन्या प्रणालीत त्याला ९० हजार ४८० रुपये कर येतो. काहीही न दाखविता नव्या प्रणालीत येतो ७४ हजार १००. घरभाड्याची मोठी वजावट असलेल्यांचे गणित निराळे होऊ शकते, पण जिल्ह्यातील बहुसंख्य नोकरदारांच्या बाबतीत मार्चमधील पॉलिसीखरेदीचे कारणच उरलेले नाही. याचा अर्थ बचत सोडावी असा कोणी घेऊ नये. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे आणि सुकन्या समृद्धीचे व्याज नव्या प्रणालीतही करमुक्त आहे, आणि नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्यांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन खात्यात शासन जो हिस्सा भरते, त्याची १४ टक्क्यांपर्यंतची वजावट नव्या प्रणालीतही मिळते. करासाठी बचत करणाऱ्याची बचत करासोबतच संपते. मुलीच्या शिक्षणासाठी करणाऱ्याची टिकते.

आता शेतीकडे वळू.

बीड जिल्ह्यातील घर सहसा एकाच उत्पन्नावर उभे नसते. गेवराईचा माध्यमिक शिक्षक असो, परळीच्या वीजकेंद्रातील कर्मचारी असो वा अंबाजोगाईतील डॉक्टर असो, गावाकडे चार-दहा एकर जमीन असतेच. माजलगावच्या कालव्यावर ऊस असतो, कोरडवाहू रानात कापूस आणि सोयाबीन असते, बालाघाटाच्या माळावर सीताफळ असते. या उत्पन्नाला केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही, हे खरे. परंतु शेतीचे निव्वळ उत्पन्न पाच हजारांहून अधिक आणि इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरविण्यासाठी दोन्हींची बेरीज केली जाते. हेच ते पुढचे वाक्य.

समजा, एका शिक्षकाचे प्रमाणित वजावटीनंतरचे पगारी उत्पन्न अकरा लाख आहे आणि उसाचे निव्वळ उत्पन्न चार लाख. त्याची समजूत अशी की पगार बाराच्या आत, शेतीला कर नाही, म्हणजे एकूण कर शून्य. कायद्याचा हिशेब निराळा आहे. अकरा आणि चार मिळून पंधरा लाखांवर कर येतो १ लाख ५ हजार. त्यातून मूळ मर्यादेचे चार लाख अधिक शेतीचे चार लाख, म्हणजे आठ लाखांवरील २० हजार वजा होतात. उरतात ८५ हजार. करसूट मिळते ती जास्तीत जास्त ६० हजारांची. बाकीचे २५ हजार आणि त्यावर चार टक्के उपकर, असे २६ हजार रुपये त्याला भरावे लागतात. त्याच पगाराच्या, पण जमीन नसलेल्या सहकाऱ्याला मात्र एक रुपयाही लागत नाही. अकरा लाखांच्या या उदाहरणात शेतीचे निव्वळ उत्पन्न दीड लाखापर्यंत असेल तोवर कर शून्य राहतो. त्यापुढे तो सुरू होतो.

यात न्याय आहे की अन्याय, यावर वाद घालता येईल. दुष्काळी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाने नोकरी धरून वडिलार्जित जमीन पडीक न ठेवता कसावी आणि त्यापायी अधिक कर भरावा, हे मनाला फारसे पटणारे नाही. पण कायदा आहे तोवर त्याचा हिशेब ठेवणे हाच मार्ग होय. मुख्य म्हणजे ‘निव्वळ’ हा शब्द ध्यानात घ्यावा. बेणे, खत, मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे, पाणीपट्टी हे सर्व वजा जाता उरेल ते उत्पन्न. कारखान्याच्या बिलावरील आकडा तेवढा जपून ठेवणारे आणि खताची पावती बांधावरच टाकून येणारे लोक स्वतःचाच कर वाढवून घेतात. तोट्याचे वर तर कोणी लिहूनच ठेवत नाही. २०२३ च्या खरिपात वडवणी, धारूर व अंबाजोगाई तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने उभी पिके गेली. अशा वर्षी शेतीत झालेला तोटा विवरणपत्रात दाखविला, तर पुढील आठ वर्षांतील शेतीउत्पन्नातून तो वळता करून घेता येतो. निसर्गाने नेलेल्यातील एवढा अंश तरी कायदा परत देतो, परंतु मागितल्याशिवाय नाही.

दुसरी बाब नावाची. जमीन वडिलांच्या नावावर, कसणारेही तेच, पण कारखान्याकडे उसाची नोंद मात्र शिकलेल्या नोकरदार मुलाच्या नावे आणि पैसेही त्याच्याच खात्यावर, असे जागोजागी आढळते. सोयीसाठी केलेली ही गोष्ट कराच्या वेळी अंगलट येते. सातबारा, उसाची नोंद, अडत्याची पट्टी आणि बँकखाते ही चारही एकाच, म्हणजे खऱ्या धारकाच्या नावावर असावीत. भावाभावांत वाटणी झाली असेल तर फेरफार करून घ्यावा. हे करण्याची वेळ पेरणीच्या आधी असते. साखर गोदामात गेल्यावर नव्हे.

याच्या उलट टोकाचेही लोक आहेत. दुसरीकडचा पैसा शेतीचे उत्पन्न म्हणून दाखवावयाचा, ही जुनी खोड. कोरडवाहू तीन एकरांत कागदावर वीस लाख पिकविणारे असे महाभाग पूर्वी खपून गेले असतील. आता शेतीचे निव्वळ उत्पन्न पाच लाखांवर असेल तर विवरणपत्रातच जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, जमीन स्वतःची की कसायला घेतलेली, ओलिताची की कोरडवाहू, हे सर्व लिहावे लागते. २०२१ पासून ई-पीक पाहणीने कोणत्या गटात कोणते पीक होते याची नोंद झालेली असते. कर वाचविणे हा अधिकार आहे, लपविणे हा गुन्हा आहे, आणि या दोहोंमधील रेषा सातबाऱ्यावर स्पष्ट दिसते.

शेतात घडते ते सर्व शेतीउत्पन्नच, हाही एक गैरसमज. अलीकडे बीड जिल्हा रेशीम उद्योगात राज्यात पुढे आला आहे. कापसाच्या भरवशावर न राहता तुती लावून महिन्याकाठी पैसा पाहणारी तरुण कुटुंबे गावोगावी दिसतात. तुतीची लागवड ही शेती. पण तुतीच्या पाल्यावर अळ्या वाढवून विकलेल्या कोषांचे उत्पन्न शेतीउत्पन्न नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला आहे. दूध आणि कोंबड्यांचेही तसेच. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्न मात्र कायद्याने शेतीचेच मानले आहे. घाबरण्याचे कारण नाही. लहान धंद्यासाठी कायद्यात अनुमानित उत्पन्नाची सोपी वाट आहे. विक्रीची रक्कम बँकेतून आली तर तिच्या किमान ६ टक्के आणि रोख आली तर किमान ८ टक्के उत्पन्न दाखवून मोठ्या हिशेबवह्यांतून सुटका होते. दहा लाखांचे कोष विकणाऱ्याने पैसे खात्यावर घेतले, तर हा आकडा साठ हजारांपासून सुरू होतो. नोकरी करीत कोषही विकणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावे. केवळ पगारदार दरवर्षी जुनी-नवी प्रणाली बदलू शकतो. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला जुनीत जाऊन परत आल्यावर पुन्हा जुनीत जाता येत नाही.

पाटोदा-केजकडील माळावर पवनचक्क्यांसाठी जमीन भाड्याने दिलेल्यांना मिळणारे भाडेही शेतीचे उत्पन्न नव्हे. भोवताली ज्वारी डोलत असली तरी ते भाडे करपात्र आहे.

आणि मुकादम. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. त्यांची उचल मुकादमाच्या खात्यातून जाते. ती रक्कम त्याचे उत्पन्न नाही, पण खात्यावर ती दिसते आणि नोटीस आली की सिद्ध त्यालाच करावे लागते. त्याचे उत्पन्न म्हणजे त्याचे कमिशन, आणि कमिशनवाल्याला वर सांगितलेली अनुमानित उत्पन्नाची सवलत मिळत नाही. त्यात, ज्याने सलग तीन वर्षे विवरणपत्र भरलेले नाही, त्याने वर्षात बँकेतून वीस लाखांहून अधिक रोकड काढली तर वरच्या रकमेवर बँक २ टक्के आणि एक कोटीच्या पुढे ५ टक्के कर कापते. विवरणपत्र भरणाऱ्याला ही मर्यादा मुळातच एक कोटीची आहे. कोयत्यामागे किती उचल दिली, किती फिटली, कोण टोळी सोडून गेला, हे सहीनिशी लिहिलेली साधी वही असेल, तर बुडालेल्या उचलीचा तोटा म्हणून दावा तरी मांडता येतो. अशी वही मजुराच्याही हिताची आहे. त्याच्या डोक्यावरचा आकडा मग कोणाला मनाप्रमाणे वाढविता येत नाही.

जमीन विकणाऱ्यांनी एक अंतर मोजून घ्यावे. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ग्रामीण म्हणजे कोणती, हे नगरपालिकेच्या लोकसंख्येवर ठरते. बीड शहराची लोकसंख्या एक लाखाच्या वर असल्याने त्याच्या हद्दीपासून सहा किलोमीटर, आणि परळी, अंबाजोगाईसारख्या दहा हजार ते एक लाख वस्तीच्या गावांभोवती दोन किलोमीटर हा पट्टा शहरी समजला जातो. हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात. साडेपाच किलोमीटरवरील जमीन विकून पैसे नातेवाइकांत वाटल्यावर हा नियम समजणे फार महाग पडते. भूसंपादनाचा प्रकार वेगळा. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग आणि महामार्गांमुळे जिल्ह्यात भूसंपादनाचे पैसे पुष्कळ घरांत आले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिली गाडीही आली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्याच्या भरपाईवर त्या कायद्याच्या कलम ९६ नुसार प्राप्तिकर नाही, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकाने ते स्पष्ट केले आहे. तथापि निवाड्याची प्रत जपून ठेवावी, आणि उशिराबद्दल मिळणाऱ्या व्याजाचा आकडा वेगळा लिहून ठेवावा. व्याज आणि भरपाई या दोन भिन्न गोष्टी आहेत.

असा पैसा आला की पहिला सल्ला मिळतो, ‘पत्नीच्या नावावर ठेवा.’ पतीने पत्नीला दिलेल्या पैशावरील व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. आई-वडिलांना किंवा सज्ञान मुलांना दिलेल्या पैशाला हा नियम नाही. आईला इतर उत्पन्न नसेल तर तिला दिलेल्या ठेवीचे व्याज तिचे आणि कर बहुधा शून्य. साठ वर्षे पूर्ण झाली असतील तर तसा अर्ज भरून कर कापणेही थांबविता येते. मात्र दिले ते खरोखरच दिले. तिच्या पश्चात, मृत्युपत्र नसेल तर, बहिणींचाही त्यावर हक्क असतो, हे आधी मान्य असावे. व्यापारी घरांत हिंदू अविभक्त कुटुंबाची वेगळी फाइल असते. तिला चार लाखांची मूळ मर्यादा मिळते, साठ हजारांची करसूट मिळत नाही.

शेवटचा विषय बीडच्या फार जवळचा, आणि दुःखाचा आहे. ‘तिथे ठेवा, दोन टक्के जास्त देतात आणि टीडीएसही कापत नाहीत,’ हे वाक्य गावोगावी ऐकू येत असे. टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असा त्याचा अर्थ घेतला गेला. व्याज करपात्रच असते. कोणी कापो वा न कापो. पन्नास कोटींवर उलाढाल असलेल्या सहकारी संस्थांना तर एप्रिल २०२० पासून टीडीएस कापणेही बंधनकारक झाले आहे. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, सहकारी बँकेतील ठेवीलाही आहे. पतसंस्थेतील ठेवीला, ती मल्टिस्टेट असली तरी, नाही. २०२३ च्या अखेरीपासून बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले, २०२४ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली, सक्तवसुली संचालनालयाने मालमत्तांवर टाच आणली. त्या रांगांमध्ये निवृत्त शिक्षक होते, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेले शेतकरी होते. दरवर्षी जमा दाखविलेल्या व्याजावर ज्यांनी प्रामाणिकपणे कर भरला, त्यांचे मुद्दल, व्याज आणि त्यावर भरलेला कर, तिन्ही अडकले. दोन टक्के जादा व्याजावर कर वजा जाता उरते किती, आणि त्यासाठी पणाला लागते काय, हा हिशेब ठेव ठेवण्याआधीच्या दहा मिनिटांचा आहे.

१ एप्रिल २०२६ हा १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्याचा अंमलदिन. त्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ हा जुना घोळ जाऊन ‘करवर्ष’ हा एकच शब्द येतो. ८०सी चे कलम १२३ होते. कलमे पाठ असणाऱ्यांना थोडा त्रास होईल, इतरांना नाही. पगार आणि टीडीएस सोडून उरलेला कर दहा हजारांच्या वर जात असेल तर तो आगाऊ भरावयाचा असतो, आणि त्याच्या तारखा बीडच्या वर्षाशी सहज जुळतात. १५ जून म्हणजे मृगाची पेरणी, तेव्हा १५ टक्के. १५ सप्टेंबर म्हणजे मुक्तिसंग्राम दिनाच्या दोन दिवस आधी, तोवर ४५ टक्के. १५ डिसेंबरला कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, तोवर ७५ टक्के. १५ मार्चला, पाडव्याच्या सुमारास, पूर्ण. अनुमानित उत्पन्न दाखविणाऱ्याला ही शेवटची एकच तारीख पाळावी लागते. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना एकही नाही.

वही दोनशे पानी पुरते. पहिल्या पानावर घरातील प्रत्येकाचे नाव, पॅन आणि त्याच्या नावावरील जमिनीचे गट क्रमांक लिहावेत. पुढची पाने पावतीगणिक भरत जातील. खताची पहिली पावती जूनमध्ये येते.